शेकर बदलला, तरी थरथर तीच: सिम रिगचं पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचंही हेच असेल तर ओळखता येईल. सिम रिग म्हणजे घरी शर्यतीचे गेम खेळायला सीट, स्टिअरिंग आणि पेडल जोडलेला सांगाडा, आणि बेस शेकर म्हणजे गेममधले धक्के त्या सीटला पोहोचवणारं यंत्र. नवा बेस शेकर लावला की पहिले चार दिवस मजा येते. चाक कर्बवर (ट्रॅकच्या कडेची खाचांची पट्टी) चढलं की मांडीला कळतं, गिअर पडला की पाठीत ठोका बसतो. महिना-दीड महिना जातो आणि सगळं एकसारखं होऊन जातं. कर्ब असो, खडी असो, ब्रेक लॉक (ब्रेकने चाक जाम होणं) असो, खालून एकच घरघर. आपण आवाज वाढवतो, दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. शेवटी निष्कर्ष निघतो की शेकर लहान पडतोय, मोठा घ्यायला हवा.

मी हे तीन वेळा केलं. आधी डेटन ऑडिओचे टीटी२५-८ हे चकतीसारखे छोटे शेकर सीटखाली दोन लावले. मग त्याच कंपनीचा बीएसटी-१ घेतला, ५० वॅटचा, ४ ओहमचा. मग दुसरा बीएसटी-१. दर वेळी चार दिवस मजा आणि नंतर घरघर.

तिसऱ्या खेपेला खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. "काय रे, रात्री साडेअकराला तुमच्याकडे गिरणी चालते का? आमची मांडणीवरची भांडी वाजतात." माझ्या दुखण्याचं पूर्ण निदान त्या वाक्यात होतं, पण मला ते समजायला आणखी दोन आठवडे लागले. मला सीटवर काही जाणवत नव्हतं आणि काकूंची भांडी वाजत होती. म्हणजे शेकर इमानेइतबारे काम करत होता, फक्त काकूंसाठी.

ताकद जाते कुठे

बेस शेकर म्हणजे पडदा नसलेला स्पीकर. आत कॉइल असते आणि स्प्रिंगसारख्या पट्ट्यांवर झुलणारं जड चुंबक असतं. विजेचा सिग्नल आला की चुंबक वरखाली होतं आणि त्याच्या उलट दिशेने शेकरचं घर ज्या वस्तूवर बोल्टने आवळलंय तिला धक्का बसतो. बंदूक झाडल्यावर खांद्याला बसतो तसा. शेकर किती जोर लावतो हे त्याचं चुंबक आणि त्याला सिग्नल वाढवून देणारा ॲम्प ठरवतात. त्या जोराने किती हलायचं हे मात्र ज्या वस्तूवर तो बसवलाय तिचं वजन आणि तिची पकड ठरवते.

माझी रिग ॲल्युमिनियम प्रोफाइलची, ४० बाय ८० ची. सीट लोखंडी ब्रॅकेटने थेट प्रोफाइलवर आवळलेली, पाय थेट फरशीवर. म्हणजे सीट, सांगाडा, स्टिअरिंगचा खांब, पेडलची पाटी, फरशी आणि खालचा स्लॅब असं सगळं एकच शरीर झालं होतं. बिचाऱ्या ५० वॅटच्या शेकरने ते अख्खं हलवायचं. मजबूत रिग चांगली, हे आपण सगळ्यांना सांगत असतो. डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटरवर बसवलेलं) स्टिअरिंग आणि लोड सेल (पायाचा दाब मोजणारा) ब्रेकसाठी ते खरंही आहे. शेकरसाठी मात्र हाच मजबूतपणा मारक ठरतो.

दुसरी गंमत माणसाच्या शरीराची. ४० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४० कंपांना, माणूस दगडासारखा एकजीव नसतो, तांदळाच्या पोत्यासारखा असतो. सीट हलली तरी पोट-छाती तिच्याबरोबर तितकी हलत नाही, मांड्या आणि पाठीचा सीटला टेकलेला भागच हलतो. त्यामुळे ८० किलोचा माणूस बसला म्हणून सीट जड होते असं फारसं होत नाही. सीट सांगाड्यापासून सुटी केली तर लहान शेकरही तिला हलवू शकतो.

मग महिनाभराने बिघडतं का? यात एकाच कारणाला दोष देता येत नाही. बोल्ट ढिले होतात, हे पहिलं. सततच्या कंपाने साधा नट फिरतोच, आणि ढिला शेकर धक्का द्यायचा सोडून खडखडत बसतो. दुसरं, त्वचा सरावते. तिसरं कारण आपण स्वतः: जाणवत नाही म्हणून आवाज चढवतो, आणखी दोन इफेक्ट (गेममधल्या एकेका घटनेचे धक्के) चालू करतो, मर्यादेबाहेर गेलेला सिग्नल छाटला जातो आणि सगळ्या खुणा एकमेकींत मिसळून चिखल होतो. मग मोठा शेकर आणतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

निदान: पेल्यातलं पाणी

काहीही विकत घेण्याआधी ही चाचणी करा. अर्धा तास लागतो. गेम बंद करा. फोनवर किंवा संगणकावर कुठलाही टोन जनरेटर (ठरावीक वारंवारितेचा सूर देणारं ॲप) उघडा, शेकरच्या ॲम्पला जोडा आणि २० हर्ट्झपासून ८० पर्यंत पाच-पाचच्या पायऱ्यांनी जा. आवाज मध्यम ठेवा, एकदा ठेवला की हलवू नका. स्टीलच्या पेल्यात पाऊण पाणी घ्या आणि प्रत्येक टोनला तो तीन ठिकाणी ठेवून बघा: सीटच्या बैठकीवर, सांगाड्यावर आणि रिगपासून एक फूट दूर फरशीवर. पाण्यावर लाटा कुठे उठतात ते कागदावर लिहा. सीटवर एकदा रिकामी असताना आणि एकदा स्वतः बसून पेला मांड्यांच्या मधे धरून.

आकडे हवे असतील तर आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, ते फोनच्या ॲक्सेलरोमीटरची (हालचाल मोजणारा सेन्सर) मोजणी आलेखात दाखवतं. फक्त एक काळजी घ्या. तुमच्या फोनचा सेन्सर सेकंदाला १०० वेळा मोजत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं त्याला खरं दिसत नाही, भलत्याच वारंवारितेचा भास होतो. ॲपमध्ये मोजण्याचा वेग दिसतो, त्याच्या निम्म्यापर्यंतच भरवसा ठेवा. मला पेला जास्त आवडतो. तो खोटं बोलत नाही.

माझ्या कागदावर जे आलं ते असं: ३५ हर्ट्झला फरशीवरच्या पेल्यात सीटवरच्या पेल्यापेक्षा जास्त लाटा. ५५ ला स्टिअरिंगचा खांब गुणगुणत होता. सीटवर एकही टोन असा नव्हता जिथे ती सांगाड्यापेक्षा जास्त हलत होती. तुमच्याकडेही असंच आलं तर पुढचा शेकर घेऊ नका, रबर घ्या.

सीट सुटी करणं

सीटचं ब्रॅकेट आणि प्रोफाइल यांच्या मधे चार रबर बुश घालायचे. दोन्ही बाजूंना आटे असलेले, मधे रबराचा ठोकळा. गाडीचे किंवा जनरेटरचे सुटे भाग विकणाऱ्याकडे इंजिन माउंटिंगसारखा छोटा बुश मागितला की तो समोर ठेवतो. एम८ चा आटा बहुतेक रिगला चालतो. ते दाबाखाली बसतील असे लावा, आडवे लटकवू नका. आडव्या ताणात रबर लवकर फाटतं.

किती मऊ? याला एक साधं गणित आहे आणि ते पूर्ण कामाचं मूळ आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. तुम्ही बसल्यावर रबर किती मिलिमीटर दबतं ते मोजा. त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. जे उत्तर येतं ती त्या रबरावरच्या सीटची स्वतःची वारंवारिता. १ मिमी दबलं तर १५.८ हर्ट्झ, ४ मिमी दबलं तर ७.९. आता नियम असा की रबर कंप अडवायला सुरुवात करतं ते या आकड्याच्या साधारण १.४ पटीच्या वर. त्याच्या खाली ते काहीच अडवत नाही, आणि त्या आकड्याच्या आसपास तर उलट वाढवतं.

म्हणजे २ मिमी दबणारा बुश घेतला तर सीटची वारंवारिता ११ हर्ट्झ आणि १६ च्या वरचं सगळं सांगाड्यात जाण्यापासून बऱ्यापैकी अडतं. शेकरचं काम २० च्या वरच चालतं, तेव्हा हा हिशेब जुळतो. कंपात रबर मोजलेल्यापेक्षा थोडं कडक वागतं, म्हणून थोडी गुंजाइश ठेवा. वजनाचा अंदाज: सीट धरून तुमचं वजन ८८ किलो असेल तर एका बुशवर २२ किलो. पाठ टेकून बसतो त्यामुळे मागच्या दोघांवर जास्त येतं, मागचे बुश जरा कडक घेतले तर सीट मागे कलत नाही.

तोटा सांगतो. लोड सेल ब्रेकवर जोरात पाय मारला की सीट मागे सरकल्यासारखी वाटते. माझ्या पायाला आठवडा लागला सवय व्हायला. तुम्ही ब्रेकवर ७०-८० किलोचा दाब लावणारे असाल तर ३-४ मिमीच्या मोहात पडू नका, दीड-दोनवर थांबा.

आणि शेकर सीटवर बसवा, सांगाड्यावर नको. हे वाचायला बाळबोध वाटेल, पण मी स्वतः तो सीटखालच्या प्रोफाइलवर लावला होता, कारण तिथे भोकं आयती होती. आता सीटच्या तळाला ६ मिमीची लोखंडी पट्टी आहे, तिच्यावर शेकर, आणि पट्टी सीटच्या मूळ चार बोल्टांवर. नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे). जिथे नायलॉक बसत नाही तिथे निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव). लाल वापरू नका, पुढे उघडायची वेळ येते.

हे केल्यावर पुन्हा पेला घेतला. त्याच आवाजाला सीटवरच्या पाण्याने काठ ओलांडला, मांडी भिजली. फरशीवरचा पेला जवळजवळ शांत. ५० वॅटचा एकच शेकर होता. दुसरा मी त्या दिवशी काढून ठेवला.

फरशीवरची चटई

काकूंच्या तक्रारीवर माझा पहिला उपाय होता रिगखाली मोठी रबरी चटई. व्यायामशाळेत असते तशी. काही फरक पडला नाही, उलट भांडी जास्त वाजली असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा वाटलं काकूंचा भास असेल. वरचं गणित लावा: रिग आणि मी मिळून १५० किलो, ते मोठ्या चटईवर पसरलेलं, चटई दबली जेमतेम ०.२ मिमी. वारंवारिता ३५ हर्ट्झ. अडवायला सुरुवात ५० च्या वर, आणि ३५ च्या आसपास वाढ. माझे बहुतेक इफेक्ट ३० ते ४५ मधे होते. काकू बरोबर होत्या.

चटई काढून रिगच्या सहा पायांखाली हाताच्या पंजापेक्षा लहान, मऊ, जाड रबराचे सहा तुकडे ठेवले. वजन कमी जागेवर आलं की रबर जास्त दबतं. वॉशिंग मशीनच्या पायाखालचे कप चालतात का, असं विचाराल तर दाबून बघा: वजनाने डोळ्याला दिसेल इतके दबत असतील तरच. नुसते दगडासारखे बसत असतील तर ते मशीन सरकू नये म्हणून आहेत, कंप अडवायला नाहीत. सीट सुटी केल्यानंतर फरशीचा प्रश्न तसाही तीन-चतुर्थांश सुटतो. आधी सीट, मग फरशी.

वायरिंग: तीन चुका, तिन्ही मी केलेल्या

एक, दोन शेकर एकाच चॅनेलवर समांतर. ४ ओहमचे दोन समांतर जोडले की ॲम्पला २ ओहम दिसतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३११६ चिपवरचे छोटे ॲम्प, जे आपल्यातले बहुतेक जण वापरतात, ४ ओहमपर्यंत ठीक. त्याखाली ते स्वतःला वाचवायला बंद पडतात, दोन मिनिटांनी जागे होतात, पुन्हा बंद. लांबच्या शर्यतीत मधेच शेकर गायब होऊन परत येतो, त्याचं कारण बहुधा हेच. एकसर जोडा, ८ ओहम होतील, आवाज थोडा कमी पण काम चालू.

दोन, अडॅप्टर. अशा ॲम्पवर लिहिलेले वॅट २४ व्होल्टला असतात. जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर ४ ओहमच्या शेकरला छाटणी होण्याआधी जास्तीत जास्त १८ वॅट मिळतात, हा सरळ हिशेब आहे: व्होल्टचा वर्ग भागिले ओहमच्या दुप्पट. २४ व्होल्टला तोच आकडा ७२ होतो, चिप तिथवर पोहोचत नाही पण मोकळी जागा मिळते. मी सहा महिने १२ वर चालवत होतो आणि शेकर अशक्त आहे म्हणत होतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला २४ व्होल्ट, ५ ॲम्पियरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) सहज मिळतो. ॲम्पवर लिहिलेला जास्तीत जास्त व्होल्टेज आधी वाचा. काही २४ च्या वर एक व्होल्टही सहन करत नाहीत. माझा एक त्यात गेला, स्वस्त एसएमपीएसचा पेच कुणीतरी २७ वर फिरवून ठेवला होता आणि मी मल्टीमीटर न लावता जोडला. वास अजून आठवतो.

तीन, उलटसुलट धन-ऋण. सीटच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन शेकर असतील आणि एकाची वायर उलटी जोडली गेली तर एक वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली ओढतो. सीट वरखाली न होता डुलते आणि दोघांना एकच टोन असला तर बरीचशी ताकद गायब होते. तपासायला ४० हर्ट्झचा एकच टोन दोघांना द्या, बसा, आणि एकाच्या वायरी अदलाबदल करून पुन्हा बसा. जास्त जोर लागतो तो बरोबर.

गेम बंद, तरी बारीक घूं

आता आपल्याकडचं खास दुखणं. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. संगणक आणि ॲम्प वेगवेगळ्या सॉकेटांवर असले की त्यांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह ऑडिओ केबलमधे शिरतो आणि ५० व १०० हर्ट्झची घूं येते. साध्या स्पीकरवर ती कानाला जेमतेम ऐकू येते. शेकरला मात्र ५० हर्ट्झ म्हणजे अगदी त्याच्या ताटातला घास. सीट कायम सौम्य थरथरत राहते आणि त्या थरथरीखाली बारीक खुणा, रस्त्याचा पोत, टायर सरकायला लागल्याची पहिली कुजबुज, सगळं झाकलं जातं. माझ्या सीटवर ही घूं चार महिने होती आणि मी तिला इंजिन समजत होतो.

ओळखायची पद्धत: गेम बंद, ॲम्प चालू, सीटवर बसा. घूं असेल तर ॲम्पला येणारी ऑडिओ पिन काढा. थांबली तर अर्थिंगचा हा फेरा, म्हणजे ग्राउंड लूप, आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर करून बघा, तिथेही थांबेल.

उपाय म्हणून लोक अर्थची पिन कापतात. तसं करू नका. २३० व्होल्टचा खेळ आहे आणि तुम्ही लोखंडी सांगाड्याला चिकटून बसलेले असता. आधी सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं. दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे ३.५ मिमीच्या पिनमधे बसणारा स्वस्त ग्राउंड लूप आयसोलेटर. घूं जाते, पण त्याच्या आत इवलासा ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो नेमका खालच्या वारंवारितांना दम तोडतो. २५-३० हर्ट्झचा ठोका त्यातून पोहोचतच नाही. मी हा लावल्यावर शेकर पुन्हा "अशक्त" झाला आणि मी पुन्हा नवा शेकर शोधायला लागलो होतो. पैसे घालायचेच असतील तर यूएसबी आयसोलेटर घ्या, तो साउंड कार्डाच्या आधी बसतो, बेसला हात लावत नाही.

सॉफ्टवेअर, थोडक्यात

शेकरला स्वतंत्र यूएसबी साउंड कार्ड द्या. विंडोजला नवं कार्ड दिसलं की कधी कधी ते त्यालाच मुख्य करून टाकतं, आणि मग गेमचं संगीत, समालोचक, व्हॉट्सॲपची टिंग सगळं सीटमधून. वेगळ्या यूएसबी पोर्टमधे लावलं तर नावापुढे "२-" लागून ते नवं कार्ड समजलं जातं आणि सिमहबमधली (गेमच्या माहितीवरून शेकर चालवणारं सॉफ्टवेअर) निवड सुटते. म्हणून पोर्ट ठरवून घ्या आणि तिथे रंगाचा ठिपका मारा. कार्डाच्या गुणधर्मांत सगळ्या सुधारणा बंद करा, विशेषतः लाउडनेस इक्वलायझेशन. ते हळू आवाज मोठे आणि मोठे हळू करतं, म्हणजे नेमका चिखल कालवतं.

मित्रांबरोबर बोलत शर्यत खेळताना शेकर मंद होतो आणि एकटं खेळताना चांगला चालतो? साउंडच्या जुन्या खिडकीत कम्युनिकेशन्स हा टॅब आहे. तिथे मूळ निवड असते ती बोलणं सुरू झाल्यावर इतर आवाज ८० टक्के कमी करण्याची. "काहीही करू नका" निवडा.

सिमहबची मोफत आवृत्ती गेमकडून सेकंदाला १० वेळा माहिती घेते, परवाना घेतला की ६० वेळा. सेकंदाच्या दहाव्या भागात गाडी कर्बवरच्या कितीतरी खाचा ओलांडते. मोफत आवृत्तीवर कर्ब बारीक वाटत नाहीत म्हणून शेकरला दोष देऊ नका. एफ१ मालिकेच्या गेममधे टेलिमेट्री सेटिंगमधून यूडीपी (गेमची माहिती बाहेर पाठवण्याची सोय) चालू करावं लागतं, पोर्ट २०७७७, आणि पाठवण्याचा वेग ६० हर्ट्झ.

इफेक्टांबद्दल माझं मत ठाम आहे: चारच ठेवा. इंजिन पहिल्यांदा बंद करा. ते मजेदार वाटतं, पण हिशेब बघा. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमला सेकंदाला साधारण २७ स्फोट करतं, शेकरला पचतं. ६००० ला २०० स्फोट होतात. सहा सिलिंडरची जीटी३ वर्गातली शर्यतीची गाडी ९००० ला ४५०. बेस शेकर तिथे खरं काही दाखवू शकत नाही, म्हणून सॉफ्टवेअर खालच्या पट्टीत काहीतरी बनवून देतं, आणि ते पूर्ण लॅपभर चालू राहून बाकी सगळ्यांवर पांघरूण घालतं. पिट लेनमधे आळसावलेल्या इंजिनाचा गुरगुराट हवा असेल तर फक्त कमी आरपीएमला ठेवा.

उरलेल्यांना वेगळी घरं द्या. माझ्याकडे गिअरचा ठोका ३० हर्ट्झच्या आसपास, कर्ब ४५, चाक सरकणं ६०, ब्रेक लॉक पेडलच्या पाटीवर वेगळ्या शेकरला. सगळ्या इफेक्टांचा जोर आधी ४० टक्क्यांवर आणा. प्रत्येक १०० वर असला की दोन एकत्र आल्याबरोबर सिग्नल छाटला जातो, आणि छाटलेला सिग्नल म्हणजेच ती गुळगुळीत घरघर. कमी पडलं तर ॲम्पची खुंटी फिरवा, सॉफ्टवेअरची नको.

मग घ्यायचा कोणता

हे सगळं करूनही कमी पडत असेल तरच हा भाग वाचा. रबरावर सुटी केलेली हलकी फायबरची सीट असेल तर ५० वॅटचा, ४ ओहमचा, बीएसटी-१ किंवा ऑराच्या एएसटी-२बी सारखा एक शेकर पुरतो. फ्लॅटमधे राहत असाल तर त्यापुढे जाऊ नका, गैरसमज नको, काकू सगळीकडे असतात. गाडीची जुनी सीट, तिच्या लोखंडी रेलसकट, वापरत असाल तर ती जड असते आणि फोम जाड. शेकर तळाला लावला तर फोमच सगळं गिळतो. तो पाठीच्या लोखंडी चौकटीवर लावा किंवा फोम आणि तळ यांच्या मधे पातळ प्लाय घालून बघा. तिथे बटकिकरच्या पिस्टनवाल्या शेकरांना अर्थ आहे, कारण ते खाली २० च्या आसपासही जोर धरतात. बंगल्यात, तळमजल्यावर, थेट जमिनीवर रिग असेल तर खुशाल घ्या.

छोट्या टीटी२५ ला मी आधी नावं ठेवली होती. ते आता पेडलच्या पाटीखाली आहेत, पाटी चार रबरांवर, आणि ब्रेक लॉक झाला की तळपायाला इतकं स्पष्ट कळतं की मी ब्रेक सोडायला लवकर शिकलो. तिथे एक पथ्य: पेडलवर शेकर आल्यावर लोड सेलची मोजणी थरथरायला लागते. ब्रेक न दाबताही गेममधे पट्टी एक-दोन टक्के नाचत असेल तर खालचा तेवढा डेडझोन (गेमने दुर्लक्ष करायचा भाग) ठेवा. नाहीतर थरथरीने ब्रेक लागतो, ब्रेकने इफेक्ट सुरू होतो आणि इफेक्टने पुन्हा थरथर.

चार कोपऱ्यांवर चार शेकर लावून चारही चाकं वेगळी जाणवतात, असं ऐकून मोह होतो. घट्ट सांगाड्यावर ते होत नाही, ४० हर्ट्झला पूर्ण सांगाडा एकत्रच हलतो. डावं-उजवं हवं असेल तर सीटच्या दोन बाजूंना दोन छोटे शेकर, आणि पुढचं-मागचं हवं असेल तर पेडल आणि सीट. त्यापलीकडचा खर्च मला पटलेला नाही.

संगणक रिगवर ठेवू नका, विशेषतः आत फिरती हार्ड डिस्क असेल तर. मॉनिटरचा स्टँड वेगळा.

आता माझ्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा मिनिटांचं काम असतं: शेकरचे चार, सीटचे चार आणि पेडलचे चार बोल्ट पान्याने तपासायचे, ४० हर्ट्झचा टोन लावायचा आणि पेला सीटवर ठेवायचा. गेल्या वेळी ६२ च्या आसपास एक किरकिर ऐकू आली. बोल्ट सगळे घट्ट, रबर शाबूत, वायर ठीक. तासभर शोधलं. सीटच्या मागच्या खिशात मुलाने ठेवलेली पेन्सिलची डबी होती.